वाटायची कॅसेट

दिनूले पहिली हळद मी लावली, मंग शेजारच्या यमुताईले दिलेल्या लग्नाच्या कॅसेटीत हळद तुह्या सासूपासून काहून सुरू होते गा?

मुकुंदा, आशीर्वाद घे.

"माय, विधवा असली तरी नातवाले पहिली हळद तूच लाव," असं साऱ्या बायांपुढं तूच म्हटलं. काल यमुताईच्या टीव्हीपुढं सारी गल्ली बसली होती. ती म्हणे, "तू होती कुठं वं?" व्हिडिओवाल्याले गाठलं. तो म्हणे, "घरच्या कॅसेटीत हाये ना आजी. वाटायच्या कॅसेटींतून मुकुंदरावांनीच काढाले लावलं." म्हणजे माय घरात चालते, चारचौघांत नाही.

तुही माय,
गोदावरी
नंदनवन, नागपूर

उत्तर तू लिहू नको, तुले गोड लिहिता येते. दिनूनंच लिहावं, त्याले हे ठाऊक होतं का.