रुसलेल्यांचा डबा

ता. ४, सोमवार

काउंटरपलीकडून तिने मान वर न करता विचारलं, ट्रान्झिस्टर कुठला, एनपीएन की पीएनपी? आणि मी म्हणालो, हो.

माझं आयुष्य बदललं ते त्या क्षणी. मग तिने मान वर केली आणि उरलंसुरलंही गेलं.

सकाळी त्या दुकानात शिरलो तेव्हा माझ्याकडे बंद पडलेला एक अँप्लिफायर होता आणि घरच्यांच्या शिव्या होत्या. दुपारी बाहेर आलो तो नोकरी, वरची खोली आणि प्रेम असं सगळं घेऊन. दुकान तिच्या वडिलांचं. अख्खा बाजार त्यांना काका म्हणतो. त्यांनी विचारलं, कॉलेज का सोडलं? खरं ते सांगितलं. तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सर म्हणाले, हे सर्किट तुझ्या बापाने केलं का? मी बोर्ड त्यांच्या टेबलावर आपटला आणि चालता झालो. काकांनी एवढंच विचारलं, की फुटक्या बोर्डावरचे पार्ट काढून घेतलेस का. घेतले होते. म्हणाले, मग राहा.

ती तेव्हापासून मला ‘तिसरं वर्ष’ म्हणते. ओ तिसरं वर्ष, तो खोका खाली ठेवा. तिने असं दिवसभर खोके उचलायला लावलं तरी माझी ना नाही.

ता. ६, बुधवार

दुकान म्हणजे अरुंद बोळ. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खण, प्रत्येक खणावर नमुन्याचा पार्ट चिकटवलेला. मागे लोखंडी जिना, वर दुरुस्तीचं टेबल, त्यापलीकडे माझी खाट. डाग द्यायच्या कथलाचा वास उशीलासुद्धा येतो. मला आवडतो.

येणारी गिऱ्हाइकं हौशी. आज एक निवृत्त मास्तर आले. त्यांनी स्वतः केलेली दारावरची बेल कोणी न दाबता वाजते, आणि बायको दर वेळी दार उघडून येते आणि यांच्यावर ओरडते. दुसऱ्याने एलईडी दिवा उलटा जोडलेला, आणि दोष कंपनीचा म्हणून तावातावाने भांडला. मी त्याची गचांडी धरणार होतो, तिने डोळ्यांनीच खाली बसवलं.

काकांची पद्धत ठरलेली. कोणतंही यंत्र आलं की आधी हुंगायचं, मग ऐकायचं, मग वीज नीट येते का बघायचं, आणि शेवटी खात्रीचा पार्ट लावून बघायचा. एका वेळी एकच. दोन एकदम बदललेस तर दोष गेला तरी कुणाचा होता ते कळत नाही, म्हणतात.

ता. ९, शनिवार

आज दुकानातली सगळ्यात मजेची गोष्ट कळली. काही पार्ट मीटरवर एकदम चांगले दिसतात, पण ज्या सर्किटात घालाल ते नासवतात. असे पार्ट पत्र्याच्या एका डब्यात जातात. रुसलेल्यांचा डबा. दर शनिवारी तो वरच्या ऐरणीवर रिकामा करायचा आणि एकेक पार्ट हातोडीने ठेचायचा. कचऱ्यात टाकायचा नाही. कारण कचरा वेचणारे तो भंगारवाल्याला देतात, भंगारवाला किलोवर विकतो, आणि तो फिरून आपल्याच काउंटरवर येतो. काकांनी पूर्वी खिळ्याने खूण करून टाकलेले पार्ट त्यांच्याच हातात परत आलेत म्हणे.

ठेचायचं काम माझ्याकडे आलं. तुझ्यासारख्या डोक्याला हे बरं, असं काका म्हणाले. खरंच बरं वाटलं. घाव घातला की डोकं रिकामं होतं.

ता. १३, बुधवार

तिच्या आईचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर आहे. आई गेल्यावर वर्षभरात तो मुका झाला. लाकडी पेटी, आत अँप्लिफायर, आणि शेवटचे दोन ट्रान्झिस्टर मेलेले. ते धातूच्या टोपीचे, जुन्या जातीचे. आता कोणी बनवत नाही. नवीन जातीचे लावले तर आवाज घोगरा होतो, आणि दुरुस्त करायला गेलं की पार्ट तापतो. शिवाय दोघांची जोडी हुबेहूब जमावी लागते. एक कमी जोराचा, एक जास्त, असं चालत नाही.

आणि ते एक चष्मेवालं गिऱ्हाईक! तो चष्मेवाला दिवसाआड काहीतरी बिघडवून आणतो आणि काउंटरवर कोपर टेकून उभा राहतो. आज तिला म्हणाला, परदेशात माझी ओळख आहे, तुमच्यासाठी जोडी मागवतो. ती हसली. ज्याच्याकडून आईचा प्लेअर वाजेल त्याच्या मागे ती जगाच्या टोकापर्यंत जाईल, हे मला तिच्या हसण्यात दिसलं. म्हणजे जोडी आधी मला मिळाली पाहिजे. बस्स.

ता. १६, शनिवार

मिळाली!

डबा ऐरणीवर उपडा केला आणि त्यातून दोन धातूच्या टोप्या घरंगळल्या. तीच जात. मीटर लावला तर दोघांचा आकडा एकच. जुळी भावंडं. दोन्ही टोप्यांवर काकांच्या खिळ्याच्या खुणा, एकेक नाही, बऱ्याच.

हळूच विचारलं, हे दोन कशाला रुसले? काका म्हणाले, त्यांचा स्वभाव वाईट. ज्याच्या घरी लावले त्याचा आवाज गोड झाला आणि घरात डोकी फुटली. एकाने भावाला मारलं. एकाने बायकोला. प्रत्येक वेळी सामान भंगारात निघालं आणि हे फिरून माझ्याकडे. मी म्हातारा वेडा असेन, पण आज यांना माझ्यादेखत ठेच.

तेवढ्यात खाली गिऱ्हाईक आलं आणि काका उतरले. मी ऐरणीवर दुसरे दोन ठेचले. आवाज खाली गेला असेल. जोडी खिशात.

डोकी काय ट्रान्झिस्टर फोडतात? आमच्या चाळीत रेडिओ नसताना फुटायची.

ता. १८, सोमवार

वाजला! दुपारी दुकान जेवायला बंद असताना वरच्या टेबलावर जोडला. तिने आईची रेकॉर्ड लावली आणि खोली भरून गेली. काय आवाज! जणू बाई टेबलावर बसून गातेय. ती रडली, मग हसली, मग माझी बाही धरून उभी राहिली. काकांनी विचारलं, जोडी कुठली? मी म्हणालो, जुन्या बाजारातली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे, आणि जेवायला खाली गेले.

चष्मेवाल्याला ती स्वतः म्हणाली, मागवू नका, आमच्या तिसऱ्या वर्षाने केलं. आमच्या!

ता. २०, बुधवार

प्लेअरमध्ये एक दोष आलाय. गाण्याच्या मागे ठक. थोड्या वेळाने परत ठक. असा आवाज बहुतेक वेळा वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरचा असतो. तो सुकला की अँप्लिफायर ठोके देतो. खात्रीचा कपॅसिटर लावला. गाण्यातली खरखर गेली. ठक तशीच, उलट स्वच्छ.

पार्सलवाल्याने आज खोका आपटून ठेवला. मी त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला त्याचा. का मारलं ते मारून झाल्यावर शोधत होतो. तिने बर्फ आणून त्याला दिला, माझ्याकडे पाठ करून.

ता. २१, गुरुवार

तारेचा दोष असेल म्हणून अर्थिंग बदललं. घरघर गेली. स्पीकर बदलला. फटफट गेली. एका वेळी एकच, काकांच्या पद्धतीनेच. दर वेळी बाकीचा कचरा जातो आणि ठक तेवढी उरते. आता ती नुसती ठक राहिलेली नाही. लोखंड काहीतरी ओल्यावर पडतं तसं. आणि दोन ठकांच्या मध्ये कोणीतरी दम खातं.

रेकॉर्ड उचलून ठेवली. आवाज चालूच. रेकॉर्डवर नाहीये तो.

ता. २२, शुक्रवार

चष्मेवाल्याला मारलं.

म्हणाला, काय हो तिसरं वर्ष, प्लेअर ठोके देतो म्हणे? म्हणजे तिने त्याला सांगितलं. हे नाव तिचं आहे, त्याच्या तोंडात कसं? काउंटरवर त्याचं डोकं आपटलं. चष्म्याची काच गालात घुसली. तो खाली पडल्यावरही मी थांबलो नाही. बाजार जमा झाला, चार जणांनी ओढलं. ती भिंतीला चिकटून उभी होती. माझ्यापासून लांबच्या भिंतीला.

मी तिला समजवायला गेलो तर म्हणाली, जवळ येऊ नकोस. नंतर रडत म्हणाली, तू असा नव्हतास रे.

मी होतोच थोडासा असा. पण इतका नाही. इतका नव्हतो.

ता. २३, शनिवार

दम खाणारा ओळखला.

आज तो मधेच बोलला. दात खाऊन, एक शिवी. ती शिवी मी देतो. आवाज माझा. प्लेअरमधून मी कोणालातरी मारतोय, आणि मी इथे बसून ऐकतोय.

मी अजून तसं काही केलेलं नाही. केलेलं नाही. म्हणजे—

आजचा डबा ठेचला नाही. हातोडी उचलायची भीती वाटली.

ता. २५, सोमवार

काकांनी पेटी उघडली. टोप्यांवर खिळ्याच्या खुणा बघितल्या. ओरडले नाहीत. म्हणाले, अरे, मी तुला मुलगा मानायला निघालो होतो. जोडी उपटून ऐरणीवर ठेवली, हातोडी घेतली. आणि मी—

ती जोडी गेली असती तर ती माझी राहिली नसती. असं काहीतरी वाटलं. हातोडी हिसकावली. काकांचा हात टोप्यांवर होता, झाकायला की ढकलायला, माहीत नाही. मी मारली. हातावर. ठक. परत. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. ओल्या काडीसारखा. दम खाल्ला. शिवी दिली. परत.

तिने येऊन मला ढकललं तेव्हा थांबलो. काकांच्या पंजाला आकार नव्हता. ती त्यांना धरून दवाखान्यात घेऊन गेली. जाताना मागे वळून बघितलं नाही.

रक्त पुसलं. आणि खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं. हेच होतं तर! जे ऐकू येत होतं ते हेच. वाईट झालं, पण होऊन गेलं. आता आवाज थांबेल.

ता. २६, मंगळवार, सकाळ

थांबला नाही.

जोडी ऐरणीवर पडलीय. पेटीत नाही, तारेला नाही. प्लेअरची वायरही काढलीय. स्पीकरमधून ठक. त्याआधी आता नवीन काहीतरी— जिन्यावर पावलं. लोखंडी जिना.

तेव्हा काका जिन्याने आले नव्हते. वरच होते.

दुपार

टोप्या ठेचल्या. सपाट पत्रा झाला. आवाज चालू. स्पीकर फाडला. कागद नुसता थरथरतो आणि बोलतो. आता सगळं स्वच्छ. आधी पावलं. मग बाईचा आवाज—

तिचा आवाज.

ओ तिसरं वर्ष, मी वर येतेय. बाबांनी निरोप दिलाय.

मग दार. मग ठक. तिचं ओरडणं. ठक. माझा दम. आणखी खूप वेळ. मी कान झाकले तरी—

नाही. तिला नाही. मी निघून जातो. आत्ता. लांब, जिथे ती कधीच येणार नाही तिथे. पिशवी भरायची नाही, काही नाही. रस्ता एकच, जिन्याने खाली.

हातोडी ठेवतो म्हटलं. बोटं सुटत नाहीत. दुसऱ्या हाताने उलगडायला गेलो तर अंगठा मोडेल असं— लिहितोय ते डाव्या हाताने, अक्षर बघा.

खाली शटर वाजलं.

जिन्यावर कोणीतरी—

ती म्हणाली. आत्ता. खालून. अगदी तसंच, त्याच सुरात. बाबांनी निरोप दिलाय म्हणाली. देवा, म्हाताऱ्याने माफ केलं असेल.

ओरडून सांगितलं, परत जा! ती म्हणाली, घाबरू नकोस रे, मी नाही रागावले. आणि चढतेच आहे.

मी तिला काही करणार नाही. माझं प्रेम आहे तिच्यावर. बाहेर जायचं, अर्ध्या जिन्यावर अडवायचं, एवढंच सांगायचं, खाली जा, पळ. एवढंच. हात मागे धरीन.

इथे स्पीकर तिचं ओरडणं ओरडतोय. ते तिने ऐकायला नको. ते तिच्या कानावर पडू नये म्हणून बाहेर पडतो आणि मागे दार ओढून घे—