व्हिसा येईपर्यंत

दि. ९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन रोज होतो, तरी पत्र लिहिते आहे. कारण फोन हातात धरून तुमचा जावई उभा असतो, आणि मला बोलायचंय ते त्याच्याचबद्दल.

अर्ज केला तेव्हा वेबसाइटवर लिहिलं होतं की नवऱ्याच्या व्हिसाला साधारण आठ महिने लागतात. या भल्या माणसाने ते ब्रह्मवाक्य मानलं. सातव्या महिन्यात सोफ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली, भाड्याचं घर सोडलं, पलंग, कपाट, मिक्सर सगळं विकून मोकळा झाला. आता त्याच वेबसाइटवर चौदा महिने दाखवतात. मी खूप चिडले, पण चिडून पलंग थोडाच परत येतो.

तुमच्याकडे तो आठवडाभरासाठी म्हणून आला, त्याला महिना होत आला. सासऱ्याच्या घरी राहायचा त्याला फार संकोच वाटतो. अजून बॅग रिकामी केलेली नाही म्हणे. त्यातूनच शर्ट काढतो आणि धुऊन पुन्हा त्यातच ठेवतो. आई गेल्यापासून तुम्हालाही एकट्याने राहायची सवय झाली आहे. अडचण होत असेल तर मोकळेपणाने लिहा, मी त्याची दुसरीकडे सोय करते.

इथे मी चालवते ती बस पाच मिनिटं उशिरा आली तर लोक मला घड्याळ दाखवतात. मी व्हिसावाल्यांना काय दाखवू?

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठमी

दि. २ मार्च

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुसरी सोय वगैरे काही बघू नकोस. अडचण मला नाही, जावईबापूंना आहे. स्वतःच्या आंघोळीची परवानगी मागतात. मी मान हलवेपर्यंत टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहतात. मी बारा वाजता जेवतो म्हणून हेही बारालाच जेवतात, मग भूक असो नसो.

घरात एकटे बसून कंटाळतील म्हणून आपल्या सलूनमध्ये घेऊन जायला लागलो. तिथे बाकावर गिऱ्हाइकांच्या रांगेत बसतात. नवीन आलेला माणूस विचारतो, तुमचा नंबर कितवा, आणि हे उठून त्याला जागा देतात. दोनदा त्यांचे केस कापले, आता कापायला काही शिल्लक नाही.

परवा मात्र नवल झालं. आपली दुसरी खुर्ची तुला आठवत असेल. माझा भागीदार म्हातारपणी मुलाकडे गेला तेव्हापासून ती नुसती पडून आहे. जावईबापू तिच्याभोवती दोन चकरा मारून आले आणि म्हणाले, हिचा स्पंज पार बसलाय. दीड-दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य, ज्यात माफी मागितलेली नव्हती. मी लगेच म्हणालो, करा काय करायचं ते.

बस हळू चालव. घड्याळ दाखवणाऱ्यांकडे बघू नकोस. आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझा,
बाबा

दि. ११ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वेबसाइटवर आता अठरा महिने झाले आहेत. कचेरीत फोन केला. एका मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की अर्ज प्रक्रियेत आहे. हेच तिने मागच्या खेपेलाही सांगितलं होतं, तितक्याच गोड आवाजात.

काल डेपोत बस लावली आणि रिकाम्या बसमध्ये बसून रडले. मला त्याची फार आठवण येते, बाबा. लग्नानंतर आम्ही जेमतेम वर्षभर एकत्र राहिलो. तो भाजी कशी चिरतो हेही मी आता विसरायला लागले आहे. आणि तुमच्या पत्रातून मात्र तो काय खातो, कसा बसतो, सगळं कळतं. मजाच आहे, नवरा माझा आणि संसार तुमचा.

दोघं भांडत नाही ना? खरं लिहा. तुमच्या पत्राचीच वाट बघते.

तुमची,
ठमी

दि. ३० मे

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रडलीस ते बरं केलंस, पण पुढच्या वेळी फोन करून रड.

व्हिसावाल्यांना धंदा कळत नाही. गिऱ्हाइकाला दहा मिनिटं सांगून अर्धा तास बसवलं की ते तोंड वाकडं करून जातं. तासभर सांगायचं आणि अर्ध्या तासात मोकळं करायचं, म्हणजे तेच माणूस खुशीत जातं. यांनी पहिल्यापासून दोन वर्षं सांगितली असती तर तुमचा पलंग वाचला असता.

भांडतो म्हणजे काय, रोज भांडतो. त्याला पंखा पाचवर लागतो, मला दोनवर. त्यानेच सांगितलं म्हणून आता अरे-तुरे करतो. खुर्ची अशी झाली आहे की गिऱ्हाइकं तिच्यावर बसायला थांबतात. ते पाहून शेजारच्या दंतवैद्याने त्याची खुर्ची पाठवली, मग खानावळीच्या सगळ्या आल्या. मागच्या अंगणात बसायला जागा नाही. रेक्झिन आणायला पिशवी पुरेना, तेव्हा पठ्ठ्याने एकदाची बॅग रिकामी केली. शर्ट कपाटात गेले.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. तुमच्या व्हिसाला उशीर होतोय आणि मला इथे बरं वाटतंय. हे बरं नाही, पण तुला खोटं कशाला लिहू? तो गेला की मला जड जाईल. तरी तो तुझ्याकडे लवकर यावा असंच मी मनापासून म्हणतो.

पोटभर जेवत जा. बापाचा लोभ आहे तो आहेच.

तुझा,
बाबा

दि. १८ सप्टेंबर

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

व्हिसा मिळाल्याचं त्याने तुला फोनवर सांगितलंच, पण मुलाखत कशी झाली ते नीट सांगितलं नसणार.

मी बाहेर बाकावर होतो. आतल्या बाईंनी त्याला विचारलं, इतके दिवस राहता कुठे? तो म्हणाला, सासऱ्यांकडे. त्यांचा विश्वास बसेना. भांडणं होत नाहीत का, असं विचारलं. यावर त्याने पंख्याचं प्रकरण पहिल्यापासून सांगायला घेतलं. बाई हसल्या, म्हणाल्या, पुरे, लग्न खरं आहे. बाहेर आला तो घामाने चिंब, मला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर रडला. मीही रडलो.

त्याला रविवारी विमानात बसवतो. आता तुझा माणूस तू सांभाळ.

तुझा,
बाबा

दि. ५ ऑक्टोबर

ती. बाबांस,
आम्हा दोघांचा शि. सा. न. वि. वि.

आला. सुखरूप आहे. भाजी जाडीभरडीच चिरतो, आता आठवलं. रोज मी डेपोतून येते तेव्हा घरात दिवा लागलेला असतो, आणि मला एवढंच हवं होतं.

तो सारखा तुमचा विषय काढतो. तुम्हीही या, बाबा. आईवडिलांच्या अर्जाला सहा वर्षं लागतात हे मला माहीत आहे. दर वेळी तुम्ही म्हणता, तोवर मीच वर जाईन. या वेळी तसं म्हणू नका. आमच्यासाठी नुसता अर्ज तरी करा.

दोघांवर लोभ असू द्या.

तुमची,
ठमी

दि. २० डिसेंबर

चि. ठमी आणि चि. जावईबापू,
दोघांना पोटभर आशीर्वाद.

तो गेल्यावर काही दिवस पंखा दोनवर लावून पाहिला. मग मुकाट्याने उठलो आणि अर्ज भरला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण ठमी लगेच पलंग घ्यायला धावली असती. सहा वर्षांनी मी एकोणऐंशीचा होईन. होईन की नाही याची चौकशी मी करत नाही. तुमच्याकडे येणाऱ्यांच्या रांगेत आपण आहोत, एवढ्यानेच सकाळी उठायला हुरूप येतो.

पण अर्ज परत आला. पहिल्या पानावर विचारलं होतं, अपत्ये किती. मी एक लिहिलं. शेवटच्या पानावर विचारलं, त्यापैकी तिकडे किती राहतात. तिथे मी दोन लिहिलं. खरं सांगतो, लिहिताना काही चुकतंय असं वाटलं नाही. खिडकीवरच्या बाईंनी समजावलं की दोन्ही पानं जुळली पाहिजेत, आणि अर्ज दुरुस्तीला माझ्या हातात दिला. जावई अपत्यांत धरत नाहीत, असंही त्या म्हणाल्या.

मी तिथेच पेन मागितलं, पहिल्या पानावर एकाचे दोन केले आणि अर्ज त्यांना दिला. पुन्हा परत येईल, येऊ दे. आता दोन्ही पानं जुळतात.

तुम्हा दोघांचा,
बाबा