श्वासाचा रकाना

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली वॉर्ड इन्चार्ज सिस्टर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण मी डोळे मिटले की धाकटा भाऊ पहिलं वाक्य हेच म्हणणार, "ताईचं डोकं ठिकाणावर नव्हतं." ते ठिकाणावर आहे. म्हणूनच प्रत्येक पानावर सही केली आहे आणि कोऱ्या जागेवर रेघ मारली आहे.

१. माझं राहतं घर दोन खोल्यांचं, माझ्या एकटीच्या नावावर. भावाला ते विकून औषधांचं दुकान काढायचं आहे. भाची, म्हणजे त्याचीच मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इथूनच कॉलेजला जाते. घर गेलं की तिचं शिक्षण सुटलं, हे मला कळतं आणि भावालाही कळतं. तरीही महिनाभर माझा हात अडला होता. का, ते कलम पाचमध्ये.

२. लोखंडी पेटी भाचीला, तिच्या मूळ प्रमाणपत्रांसाठी. कॉलेज, एजंट, मालक, कुणीही "आमच्याकडे राहू द्या" म्हणालं तरी मूळ कागद हातचे सोडायचे नाहीत, साक्षांकित प्रत द्यायची. नोकरीच्या बाँडवर सही करण्याआधी मागची बाजू वाचायची. मागे काही नसेल तर पुढची पुन्हा वाचायची. भावाने तिला आधी ज्या कॉलेजात घातलं होतं, त्याची पाटी काय चकचकीत होती! नर्सिंग कौन्सिलच्या मान्यता यादीत मात्र नाव नव्हतं. मी त्यांच्या रुग्णालयात जाऊन आले. खाटा भरलेल्या, पण एकाही पेशंटच्या हाताला सुईची खूण नाही. तपासणीपुरते आणून झोपवलेले! त्याच दिवशी प्रवेश रद्द करायला लावला. भावजय तेव्हापासून मला संशयी म्हणते. आहेच मी.

३. माझी अर्जांची फाइलही भाचीला. अर्ज दोन प्रतींत करायचा आणि दुसरीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पहिली नोकरी जिथे काम शिकायला मिळेल तिथे, मेडिसिनला नाहीतर अतिदक्षता विभागात. पुढची पदवी नोकरीत असतानाच उरकायची. "बघू नंतर" म्हणणाऱ्या माझ्या बॅचच्या सगळ्या जणी स्टाफ नर्स म्हणूनच निवृत्त झाल्या. सेवाज्येष्ठतेची यादी दरवर्षी स्वतः बघायची. एका वर्षी माझी रुजू झाल्याची तारीख यादीत बदलली आणि बढती साखरबाईला मिळाली. साखरबाई माझ्याच बॅचची, बोलणं नुसतं पाकातलं. तिनेच केलं असं मी म्हणत नाही. पण यादी टाइप झाली त्या आठवड्यात ती ऑफिसात रोज चहाला होती. ती समाचाराला आली तर खुर्ची द्यावी, चहा देऊ नये.

४. भावाला लाकडी कपाट. रिकामं करून.

५. मी अंथरुणाला खिळल्यापासून भाची रोज सकाळी माझा तक्ता भरते: ताप, नाडी, रक्तदाब, श्वास. श्वासाच्या रकान्यात रोज अठरा. आमच्या कामातली ही जुनी लबाडी आहे. मिनिटभर पेशंटच्या छातीकडे बघत बसायला वेळ नसतो, म्हणून अठरा नाहीतर वीस ठोकून द्यायचे. एके दिवशी मी मुद्दाम धापा टाकल्या. तक्त्यात अठराच! मी म्हटलं, "कुणाचा मोजलास गं? शेजारणीचा?" ती रडवेली झाली. "आत्या, उशीर होत होता. सगळ्या मुली असंच लिहितात." त्याच दिवशी घर भावाला द्यायचा खर्डा मी लिहून काढला.

मला ते इतकं का झोंबलं, हे कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीच्या सहाव्या वर्षी, दुपारच्या ड्युटीत, खाट अकराच्या बाईंचा श्वास न मोजता मी वीस लिहिला. तासाभरात त्या गेल्या. तक्त्यावर वीस होते, म्हणजे सगळं ठीक, म्हणून मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांची मुलगी माझे हात धरून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून आधार होता." मी ते आभार घेतले आणि तक्ता फाइलला लावला. त्याची लाज मला आजही वाटते.

आज सकाळी मी भाचीशी तावातावाने भांडत होते. बोलणाऱ्या माणसाचा श्वास मोजता येत नाही आणि तिला बस गाठायची होती. ती गेल्यावर, आता सापडलीच म्हणून, मी चष्मा लावून तक्ता उचलला. श्वासाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "मोजला नाही." शेजारी तिची सही.

हे दोन शब्द मला चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही लिहिता आले नाहीत. सबब माझं राहतं घर पूर्ण मालकी हक्काने भाचीला. आधीचा खर्डा फाडला आहे. तिला हे आत्ता सांगू नये, उगाच लाडात येईल.

६. माझ्या पश्चात हे मृत्युपत्र भावाने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. खाट अकराचा मजकूर गाळू नये. भाचीने तो ऐकलाच पाहिजे.

ठिकाण: राहतं घर, आतली खोली. दिनांक ९ सप्टेंबर २०२५, मंगळवार, सकाळी साडेअकरा.

लिहून ठेवणार: (सही)

आम्हा दोघांदेखत बाईंनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली.
साक्षीदार पहिले: घरी तपासायला येणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)