अंजिरापर्यंतचे पाणी

मी, वय वर्षे चोपन्न, धंदा पंपदुरुस्ती, शाळा सातवीपर्यंत, पुढचे सगळे शिक्षण स्वतःच्या हाताने केलेले, हा कागद पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." आयुष्यभर पंपांच्या झडपा बदलताना मालकांना मीही हेच सांगत आलो, म्हणून हा कागद. वकील लावलेला नाही, नियम स्वतः वाचून काढले आहेत. तीन वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे. कारण कलम चारमध्ये आहे.

कलम १. मिळकत अशी: दोन एकर जमीन, तीन खोल्यांचे घर, विहीर, कोंबड्यांचे खुराडे, गुरांचा गोठा, मधमाश्यांच्या सात पेट्या. पूर्वेस रस्ता, उत्तरेस टेकडी, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस थोरला भाऊ. अकरा वर्षांपूर्वी त्यानेच ही जागा माझ्या गळ्यात मारली. खरेदीखतावर सही झाल्यावर म्हणाला, "घे, तुला मोकळी हवा दिली." घराला छप्पर नव्हते. विहीर काठापर्यंत दगडांनी भरलेली. स्वयंपाकघराच्या मधोमध पुरुषभर उंचीचे झाड.

पहिल्या दिवशी मी त्या खोलीत उभा राहिलो आणि मला सगळे दिसले. दारापुढचा ओटा कुठे येईल, डाळिंबाची सावली कुठल्या पायरीपर्यंत सरकेल, खालच्या अंगाला अंजीर, आणि अंजिरापर्यंत चकाकत गेलेले पाणी. मी नशापाणी करत नाही. पण दिसले ते दिसले, आणि पुढची वर्षे मी नुसता त्याच्या मागे चालत राहिलो. अजूनही संध्याकाळी कधीकधी दोन्ही एकदम दिसतात: भिंतीवर दिवा, आणि त्याच भिंतीतून आरपार आभाळ. मग कोंबडी पायात येते आणि भिंत पुन्हा भिंत होते.

कलम २. थोरल्या भावास, विहिरीतून काढलेल्या दगडांपैकी एक, त्याच्या पसंतीचा. उरलेल्यांचा बांध झाला आहे, त्याला हात लावू नये. बांधावर बसून चहा प्यायची त्याची सवय चालू ठेवण्यास हरकत नाही.

कलम ३. मुलास माझी सर्व हत्यारे, पान्यांच्या संचासह. चौदा नंबरचा पाना शेजारच्या गवळ्याकडे आहे. तो नाही म्हणेल, पण आहे. मुलगा शहरात असतो. परवा फोनवर म्हणाला, "बाबा, समजा काही झालंच, तर आईने एकटीने तिथे काय करायचं? तिला मोटारीचं बटणही दाबू देत नाही तुम्ही. विकून टाकू, ती माझ्याकडे राहील." त्याचा जीव आईवर आहे, यात शंका नाही. चूक माझी आहे. जुन्या मृत्युपत्रात मीच लिहिले होते की जागा मुलाला, आणि पत्नीला हयातीपर्यंत राहण्याची सोय, "कारण तिला उतार-चढावातले कळत नाही." हे शब्द माझेच.

कलम ४. विहिरीपासून अंजिरापर्यंतचा पाट पहिल्याच वर्षी मी स्वतः आखला. पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन्ही टोकांची पातळी बघून, तीनदा मोजून. पाणी सोडले तर ते डाळिंबापाशी येऊन थांबले. मी म्हणालो, जमीन नवी आहे, पिईल आणि मग सोडेल. महिन्याने पाणी खरोखर अंजिराला पोहोचले. मी पत्नीला म्हणालो, "बघितलंस? मोजलेलं ते मोजलेलं."

ती म्हणाली, "तुमचं कधी चुकतं का?"

दुपारी दोन ते तीन मी झोपतो. या महिन्यात डॉक्टरांच्या गोळीने झोप उडाली, म्हणून ओट्यावर नुसते डोळे मिटून पडलो होतो. उन्हात सगळे पांढरे, पातळ झालेले. त्यात पत्नी खुरपे घेऊन पाटाच्या कडेने जाताना दिसली. स्वप्न असेल असे वाटले. दुसऱ्या दिवशी तेच स्वप्न, तिसऱ्या दिवशीही. मग ती गुरांकडे जाताच मी उतरून पाहिले. डाळिंबापासून पुढे पाट नऊ बोटे जास्त खोल, आणि तासल्याच्या खुणा सगळ्या डावखुऱ्या. ती डावखुरी आहे. मी नळी काढून, पुन्हा पाणी भरून तपासली. मधल्या वळणात हवेचा बुडबुडा राहिला होता. अकरा वर्षांपूर्वीही राहिला असणार, आणि त्यानेच पातळी खोटी दाखवली. तिने खोल केले तरी उतार नावालाच, म्हणून गाळ बसतो आणि रोज काढावा लागतो. मी झोपलेला असताना.

सबब सदरहू मिळकत, विहीर, मोटार व तिच्या बटणासह, संपूर्ण मालकीने पत्नीस. विकायची की राखायची, ते ती ठरवेल. तिच्यावर कोणी दया करू नये. अंजिराला पाणी तिने पोहोचवले आहे, मी नव्हे.

कलम ५. वरचे कलम चार तिला सर्वांत आधी वाचून दाखवावे. साक्षीदार गवंडी म्हणतो, "मालक, आत जाऊन तोंडाने सांगा की. चार पावलांवर तर आहेत."

मी म्हणालो, "लिहिणं सोपं जातं."

"आणि आम्हाला माहीतच आहे. त्या खुरप्याला दोनदा मूठ मी बसवून दिली."

दुसरी साक्षीदार, दूध न्यायला येणारी बाई, खाली बघून हसत होती. म्हणजे अकरा वर्षे एकटा मीच झोपलेला होतो.

कलम ६. परत आलो तर पाट नव्याने आखीन. नळीचे एक टोक मी धरीन, दुसरे ती. बुडबुडा आहे की नाही, ते ती सांगेल.

ज्याला मिळायचे त्याने साक्षीला राहू नये असा नियम आहे, म्हणून तिला बोलावलेले नाही. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली, त्यांनी माझ्यासमक्ष केली.

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार: १. गवंडी (सही) २. दूधवाल्या बाई (सही)
ठिकाण: घराचा ओटा
तारीख: दुसऱ्या महिन्याची चौदा, दुपारी दोनला पाच मिनिटे कमी. खुरपे अजून खुंटीवर आहे. साक्षीदारांना निरोप दिला. आज मी झोपणार नाही.