माझं झालं, आता हिला सांगते

१२ जुलै, सकाळ

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडून बाकी मी ठीक.

लिहायला भाग पडलं ते असं. कॉपी केली म्हणून तुझ्या शाळेने वर्गाबाहेर काढलेली मुलगी माझ्या शेजारी राहणाऱ्या, गावाकडून आलेल्या गवंड्याची आहे. तिची आई म्हणते, चोर म्हणवून घेण्यापेक्षा घरी भाऊ सांभाळलेला बरा. शाळा बंद.

मी तिच्या वर्गशिक्षिकेला फोन केला. गोड बोलतात. गावाकडून आलेली मुलं जागेवर बसत नाहीत, पालक कुरकुरतात, वेगळ्या खोलीत बसवली तर त्यांनाही बरं, म्हणाल्या. ‘त्यांनाही बरं’ म्हणून केलेली गोष्ट बहुधा आपल्यालाच बरी असते. जन्मभर मीही शिकवलंय. मुख्याध्यापिकाबाईंचीच तशी सूचना आहे, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे तुझी.

मग मुलीला विचारलं. स्वतःचं गणित संपवून ती शेजारणीच्या वहीत डोकावली, तिचं कुठे अडलंय ते बघायला.

धाकटे, आपली गावची शाळा आठव. चार इयत्ता, खोली एक, गुरुजी एक. ज्याचं आधी होईल त्याने उठायचं आणि अडलेल्याजवळ जाऊन बसायचं. गुरुजी तेवढ्यात डुलकी काढून घेत. तू तर दुसरीत असताना चौथीतल्या दांडगटांना पाढे शिकवायचीस, चुकले की कान धरायचीस.

शहरातल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात तू तशीच उठलीस. तू विसरलेला डबा घेऊन मी दारात उभी होते. पोरी ओरडल्या, बाई, ही बघून लिहिते. बाईंनी विचारलं, काय चाललंय?

“माझं झालं. आता हिला सांगते.”

बाई बाकावर तुझ्या शेजारी टेकल्या. “मग मलाही सांग.”

त्या संध्याकाळी घरापर्यंत तू उड्या मारत आलीस. मला धापा टाकायला लावलंस.

हे तुझ्या शाळेत कुणाला ठाऊक नाही. तुला आवडत नाही, म्हणून चारचौघांत मी गावचं बोलत नाही; तुझ्या समारंभांना येणंही सोडलं. रुसलेली नाही. पण गाव झाकायचं म्हणून गावची पोरं झाकू नकोस.

तिच्या आईकडून आजचा एक दिवस मागून घेतलाय.

तुझी,
ताई

सोबत पाठवले: तुझा गावच्या शाळेचा दाखला, एक. मुलगी, एक. दाखला तुझ्या कपाटात ठेव, मुलगी तिच्या बाकावर.