सावित्रीबाईंचा पासपोर्ट

हुलसूर, १० मार्च २०२५

चि. मल्लेश्वरीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण भांडतो आणि तू फोन कट करतेस. कागद कट करता येत न्हाई, म्हणून लिहायलोय. दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेली आमची बहीण चीनच्या लेकरांना इंग्रजी शिकवायली, हे ऐकून दुकानात गिऱ्हाईक खिळे घ्यायचं विसरतंय. सुट्टी लागली की तू लाओस, कंबोडिया करतेस. गावाकडं यायची वाट तेवढी तुला सापडत न्हाई.

असो. काल पोस्टमननं आईचा पासपोर्ट आणून दिला. घरात मालक मी, आणि बातमी मला पोस्टमनकडून! अप्पांना जाऊन वर्षसुद्धा झालं न्हाई. आई दिवसभर ओसरीत गप्प बसते, दोन शब्द बोलत न्हाई, आणि तू तिला व्हिएतनाम दाखवणार? तिचे गुडघे तुला ठाऊक आहेत. रागावू नकोस, पण विचार कर.

तुझाच,
बसवप्रभु

कुनमिंग, २ एप्रिल २०२५

ती. अण्णास शरणार्थ. सुधारानी वहिनीला नमस्कार.

माझ्या इंग्रजीची काळजी सोड. शाळेनं पालकांना मी लंडनजवळची आहे असं सांगून टाकलंय. हुलसूर लंडनच्या कुठल्या अंगाला येतं, हे अजून कुणी विचारलं नाही. वर्गात एका पोरानं स्वतःचं इंग्रजी नाव बनाना ठेवलंय, आणि हजेरी घेतली की सगळी लेकरं व्हय म्हणतात. एवढी प्रगती पुरे.

पासपोर्टचं म्हणशील तर तो मी काढला नाही. आईनंच शेजारच्या पोरीला बरोबर घेऊन फॉर्म भरला, कलबुर्गीला जाऊन आली. तू समजलास डोळे तपासायला गेली. मे महिन्याच्या सुट्टीत मी हनोईला येऊन तिला उतरवून घेते. गुडघे आम्ही सोबतच नेऊ, ते हुलसूरला ठेवता येत नाहीत.

अण्णा, ती ओसरीत बसून बरी होत नाहीये. एवढं तरी मान.

राग कमी आणि माया जास्त असू दे.
तुझी मल्लू

हैदराबाद, ३० एप्रिल २०२५

चि. मल्लूस आशीर्वाद.

हे पत्र आईच्याच पिशवीत घालून देतोय, टपालखर्च वाचला. परवा भीमण्णा काका घरी आले. आप्तांत मोठे, म्हणून समजावायला आले. पहिल्या वर्षात बाईमाणसानं परदेशी जायचं म्हणजे लोक काय म्हणतील, वगैरे. आईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली की, मी हितं बसून वाळायले तवा कुणी बघायला आलं न्हाई, आता उडायले म्हटल्यावर सगळे जमायलेत. काका बशीतला चहा बशीतच ठेवून गेले. आज पहाटे मी गाडी काढली आणि तिला हितं विमानतळावर आणलं.

शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या कडक भाकरी, गोळ्या, सगळं दिलंय. मी सकाळपासून तिच्या बॅगेचं कुलूप सारखं बघायलोय. कामून, ते विचारू नको. तिला नीट सांभाळ.

तुझा अण्णा

होई आन (व्हिएतनाम), ९ मे २०२५

चि. बसवप्रभूस आईचा आशीर्वाद.

तू मल्लूला म्हणालास आईला सांभाळ, आन मल्लूच तापानं पडली. जगभर फिरणारी लेक आंथरुणात आन मी बाजारात. भाषा येत न्हाई तर काय झालं, तांदूळ तर तांदूळच हाय. बोटानं दाखवलं, मूठ मूठ मागितली. भाव करताना माझी कन्नड, मराठी, उर्दू सगळी सांडली, तरी त्या बाईनं दोन पैसे कमी केले न्हाईत. लई कडक बाई.

आम्ही उतरलोय त्या घरची मालकीण माझ्याच वयाची. मला तिच्या चुलीवर मऊ भात करू दिला. मल्लूला भरवला, आता ती ठीक हाय. मग त्या बाईनं भिंतीवरचा तिच्या नवऱ्याचा फोटो दाखवला. मी मोबाइलमधला यांचा दाखवला. तिनं हातानंच विचारलं, कसे होते. मी सांगत बसले. रागीट होते, जेवताना आधी माझ्या ताटाकडं बघायचे. ती काय समजली देवाला ठाऊक, पर रडायली. मग मीबी रडले. तुझे अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी तुम्ही सगळे चांगले आहात रे. येता जाता गोळी घेतली का म्हणून विचारता. ते कसे होते, हे कुणी विचारलं न्हाई.

मी आठ दिवस उशिरा येईन. आल्यावर तू विचार. सांगेन.

तुझी आई
सावित्रीबाई