गच्चीवरची महासत्ता

४ मार्च
दातवालीनं आज माझ्या दोरीवर पडदे वाळत घातले. माझ्या! कठड्याजवळची, दिवसभर उन्हातली दोरी. दातवाली म्हणजे तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेली दातांची डॉक्टरीण. लोकांचे दात उपटून पोट भरलं नाही वाटतं.
नात कॉलेजात जगाचं राजकारण शिकते. म्हणाली, आजी, देशांच्या वर कुणी बाप नसतो. ज्याच्यात जोर, त्याचं चालतं. जोर इकडचा तिकडे गेला की जगाची घडीच बदलते.
मग जाऊच द्यायचा नाही, म्हटलं. एवढ्यासाठी फी भरतात!

५ मार्च
ठरलं. दोरी क्षणभर रिकामी ठेवायची नाही. नवे चिमटे आणले. फक्त बचावासाठी.

७ मार्च
दातवालीनं माझ्या दुप्पट चिमटे आणले. नात म्हणे, असंच होतं, एकाचा बचाव दुसऱ्याला हल्ला वाटतो. तिचा हल्लाच आहे. बचाव माझा. यात शिकायचं काय?

८ मार्च
दुपारी तळमजल्यावरच्या टेलरशी युती. त्यानं दातवालीवर नजर ठेवायची, मी दोरीचं एक टोक द्यायचं.
संध्याकाळी तिनं त्याची दाढ फुकट तपासली. युती संपली. मेला, आ करून फितूर झाला.

११ मार्च
घरातले मळके कपडे संपले. वाळत आलेलेच पुन्हा भिजवले. दोरी भरलेली दिसली पाहिजे. मुलगा ओल्या शर्टात शिंकत ऑफिसला गेला. सून म्हणाली, आई, आता पुरे. लढाईत थोडी गैरसोय होतेच, असं तिला समजावलं.

१३ मार्च
दातवाली गच्चीवर फिरकली नाही. टरकली.
नात पुस्तक वाचून दाखवत होती. मोठी राज्यं शत्रूपेक्षा स्वतःच्या पसाऱ्यानंच बुडतात म्हणे. आणि वैर मानलं तरच असतं, मानायचं सोडलं की घडी बदलते. पुढचं ऐकलं नाही. चादरी पिळायच्या होत्या.

१४ मार्च, संध्याकाळ
संपूर्ण विजय! सगळ्या दोऱ्या माझ्या. गच्चीवर दुसरं चिटपाखरू नाही. त्या भरात अंगावरचा गाऊनसुद्धा भिजवला.
नात आत्ता सांगून गेली. दातवालीनं कपडे वाळवायचं मशीन घेतलंय. टेलरचे कपडे तिथे वाळतात. मुलाचे शर्टही. सून रोज बादली घेऊन जाते, दोघी चहा पितात. आज माझे गाऊनही नेले. सगळे.
मी चादर गुंडाळून बसलेय. चादर ओली आहे.
बेल वाजतेय. दातवालीच असणार, गाऊन घेऊन. दार सुनेनंच उघडावं. मी झोपलेय म्हणावं.